आत्याचं निम्मं गाव

“आत्या, माझं लग्न ठरलंय. दार अडवायला घरात कुणी नाही. तू येशील का?”

सुमित्रा आत्या मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. पानं ताटात, देठ कागदावर, असं चाललं होतं. मला वाटलं ऐकू गेलं नसावं, म्हणून मी पुन्हा तेच जरा मोठ्यानं म्हणालो.

“बहिरी नाही झाले रे अजून,” ती म्हणाली. “दादानं पाठवलं?”

“आईनं.”

“दादाला ठाऊक आहे?”

“ठाऊक आहे. अप्पा नाही म्हणाले नाहीत.”

“म्हणजे हो पण म्हणाले नाहीत.” तिनं जुडी बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. “हणमा, किती पिकलास रे! लग्नाआधीच?”

मी हसलो. दुसरं काय करणार? पस्तिशी उलटून गेली होती. कानावरचे केस पांढरे झाले होते आणि लग्न ठरल्यावर आईनं मला बळंच न्हाव्याकडं पाठवून ते काळे करून आणले होते, तरी आत्याच्या नजरेतून सुटले नव्हते.

आमच्याकडची रीत अशी, की नवरानवरी वाजतगाजत घरी आली की नवऱ्याची बहीण उंबऱ्यात हात आडवे लावून उभी राहते. “तुझी लेक माझ्या लेकाला देशील, तर आत सोडते,” म्हणते. भाऊ “दिली!” म्हणतो, सगळे हसतात, बहीण बाजूला होते आणि नवरी माप ओलांडून आत येते. मला बहीण नव्हती. चुलत बहीण नव्हती. अख्ख्या भावकीत माझ्या बरोबरीची पोरगी औषधाला सापडली नसती. म्हणून मी तासगावकडच्या आमच्या वाडीवरून सांगलीला, अप्पांच्या बहिणीच्या दारात आलो होतो. या बहिणीचं तोंड बघणार नाही असं अप्पांनी मी शाळेत असताना जाहीर केलं होतं, आणि शब्द पाळलाही होता.

“येते,” आत्या म्हणाली. “पण दारात काय विचारायचं ते माझं मी ठरवीन. आईला सांग तुझ्या.”

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आत्या लेखिका. तिला एखादा ठेवणीतला उखाणा घ्यायचा असेल, असं वाटलं.

आता आत्या लेखिका म्हणजे काय, ते सांगायला हवं. ती सांगलीत शाळेत मास्तरीण होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. मी शाळेत होतो तेव्हा तिची ‘निम्मं गाव’ नावाची कादंबरी छापून आली. त्या कादंबरीतल्या गावात वीस-पंचवीस वर्षं मुली जन्मालाच येऊ देत नाहीत. मग पोरं मोठी होतात, त्यांच्याकडं जमीन असते, विहिरीला पाणी असतं, पण बायको मिळत नाही. पारावर चाळीस चाळीस वर्षांचे नवरदेव बसून असतात. लग्नात करवली म्हणून कऱ्हा धरायला पोरगी मिळत नाही, तर एका पोराला परकर नेसवतात. शेवटी मध्यस्थ लांबून लांबून मुली आणतात. पुस्तकाच्या अखेरीला अशीच एक आणलेली नवरी फाटकाचं कुलूप फोडून, अंगावरच्या सोन्यासकट पळून जाते.

आमच्या गावात हे पुस्तक कुणी वाचलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. “बाईला येड लागलंय,” म्हणायचे. “बायका मिळणार न्हाईत म्हणं! बायका काय रेशनवर मिळत्यात व्हय?” वाचनालयात आलेली प्रत कुणीतरी नेऊन बंबात घातली. तिकडं पेपरांत मोठमोठ्या लोकांनी लिहिलं, की लेखिकेची कल्पनाशक्ती विकृत आहे. अप्पा म्हणाले, तिनं गावाची अब्रू वेशीला टांगली. त्यावर आई काही बोलली नाही. आई तशी कशावरच बोलत नसे.

मग आम्ही मोठे झालो, आणि एकेक पान खरं व्हायला लागलं.

आमची द्राक्षाची बाग होती, बेदाण्याची शेड होती, घराला स्लॅब होता. स्थळं बघायला गेलो की मुलीची आई बागेचे फोटो कौतुकानं बघायची आणि विचारायची, “पुण्यात काही आहे का?” पुण्यात काही नव्हतं. एका मुलीनं तर चहा देतानाच सांगितलं, “दादा, तुम्ही चांगले आहात, पण मला शेतकरी नको.” तिनं दादा म्हटल्यावर बाकीचं बोलणंच खुंटलं. संध्याकाळी पारावर बसायचो, तेव्हा तिथं आम्ही सगळे तसलेच. माझ्या लग्नाच्या आदल्या साली एका मित्राच्या वरातीत करवली सापडेना, म्हणून त्याच्या पुतण्याला परकर-पोलकं घातलं. लोक पोट धरून हसले. मला मात्र घाम फुटला, कारण कॉलेजात असताना मी आत्याचं पुस्तक चोरून वाचलं होतं.

पुढं पुढं चॅनेलवाले आत्याकडं जायला लागले. ‘काळाच्या पुढचं पाहणारी लेखिका’ असं लिहिलेलं पितळी मानचिन्ह तिला कुणीतरी दिलं होतं. त्या दिवशी ते तिच्या स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवलेलं मी बघितलं.

माझी नवरी भालकीच्या पलीकडच्या खेड्यातली. नाव महानंदा. मध्यस्थानं जुळवून आणलेलं स्थळ. कन्नड आणि मराठीची खिचडी बोलायची, पण समजायचं तिला सगळं. बघायला गेलो तेव्हा आम्हाला थोडा वेळ बोलू दिलं. मी बोटं मोडत बसलो होतो. तीच म्हणाली, “बहिणी किती तुम्हाला?”

“एकही नाही.”

“एकबी नाही?” तिला खरंच नवल वाटलं. “आम्ही पाच जणी बघा. एकीला वरडलं की पाची जणी रडतो.”

ती हसली, आणि खोटं कशाला सांगू, मला ती फार आवडली. परतीच्या वाटेवर गाडीत मी सारखा पाच जणींच्या रडण्याचा विचार करत होतो. आपल्या घरात असा आवाज कधी झाला नाही, असं वाटत होतं.

लग्न वैशाखात, वाडीच्याच देवळात झालं. आत्या आदल्या दिवशी आली. अप्पांनी तिला बघितलं आणि ते उठून बागेकडं गेले. घराच्या फाटकाला अप्पांनी नवंकोरं कुलूप आणलं होतं. येणारा जाणारा मला कोपर मारून विचारत होता, “पुस्तकातल्यावानी पळायची न्हाई न्हवं?” आत्या त्या कुलपाशी जाऊन उभी राहिली. हातात घेऊन तिनं ते वरखाली करून बघितलं.

“हे माझ्या पुस्तकातलं आहे,” ती म्हणाली. “मीच शिकवलं यांना हे.”

किल्ली अप्पांनी आईकडं दिली होती. आईनं ती कमरेला खोचली होती.

दुपारी आम्ही वाजतगाजत दारात आलो. माझ्या शेल्याची गाठ महानंदाच्या शालूला. उंबऱ्यावर तांदळाचं माप. आई ओवाळायचं ताट घेऊन आत उभी, आणि दारात चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून आत्या. वाजंत्री थांबली. पोरं म्हणाली, “अडवा आत्याबाई, सोडू नका!”

“हणमा, आत जायचंय?” आत्यानं विचारलं.

“जायचंय की.”

“मग सांग. लेक झाली तर ठेवशील?”

मागून एक म्हातारी म्हणाली, “अगं बाई, ‘देशील का’ म्हणायचं असतंय!”

“द्यायच्या आधी ठेवायला लागते, मावशी,” आत्या म्हणाली. तिनं नजर माझ्यावरून काढली नाही. “ठेवशील का, तेवढं सांग.”

मला वाटलं, हाच तो ठेवणीतला उखाणा. मी झोकात म्हणालो, “ठेवीन की! डोक्यावर घेऊन नाचीन!”

सगळे खदखदून हसले. महानंदाही खाली मान घालून हसली. आणि आईच्या हातातलं ताट खाली पडलं.

निरांजन विझलं, कुंकू सांडलं, सुपारी घरंगळत बाहेर आली. “वहिनी, उन्हानं होतंय,” कुणी म्हणालं. आई तिथंच कुंकवात बसली होती.

“सुमे, बाजूला हो,” अप्पा माझ्या मागून म्हणाले. इतक्या वर्षांनी बहिणीशी बोललेला तो त्यांचा पहिला शब्द.

“होते की. दादा, तूही याच उंबऱ्यात, अस्साच हसून ‘दिली’ म्हणाला होतास. मीच अडवलं होतं तुला.”

“बाजूला हो म्हणतो ना! चारचौघांत तमाशा नको.”

“दोन होत्या,” आई म्हणाली. ती कुणाशी बोलत होती कळत नव्हतं. मग तिनं माझ्याकडं बघितलं. “हणमा, तुझ्या पाठच्या दोन होत्या रे. दोघींना ठेवलं न्हाई.”

माझ्या शेल्याला ओढ बसली म्हणून मी वळून बघितलं. महानंदा पाऊलभर मागं सरकली होती आणि गाठ ताणली गेली होती. मग एक बाई पुढं झाली, “चला चला, मुहूर्त टळंल,” म्हणाली. वाजंत्री पुन्हा सुरू झाली. महानंदानं माप ओलांडलं. लोक जेवले. जेवताना नेहमीपेक्षा जास्तच बडबड चालली होती.

संध्याकाळी आत्या मला बेदाण्याच्या शेडमध्ये सापडली. जाळीवर हात टेकून एकटीच बसली होती. मला तिचा असा राग आला होता की बस्स.

“आजचाच दिवस मिळाला तुला?” मी म्हणालो. “माझ्या लग्नाचा?”

“दुसरा कुठला होता? या दारात मला पुन्हा कोण उभं करणार होतं?”

“कधी झालं हे?”

“तू चार-पाच वर्षांचा असशील, तेव्हा पहिली. मग दुसरी. दोन्ही वेळेला वहिनी सांगलीला माझ्याकडंच उतरली. तपासून यायचं, पोरगी निघाली की मोकळं व्हायचं. दादाला दुसरा पोरगाच पाहिजे होता. पहिल्या वेळेला मी गप्प बसले. दुसऱ्या वेळेला भांडले, तर म्हणाला, तुला पोरबाळ नाही, तुला काय कळतंय.”

“आणि आई?”

“तिला विचारतंय कोण?”

मग ती म्हणाली, “लोक मला म्हणतात, तुम्हाला पुढचं कसं दिसलं? मला कुठलं पुढचं दिसतंय रे? त्या दवाखान्यात एक बाकडं होतं. वहिनीला बसायला जागा मिळेना, एवढ्या बाया. बसल्या बसल्या मी एकेकीला विचारलं, कुठल्या गावच्या तुम्ही? कवठे, मणेराजुरी, विटा, कुठनं कुठनं आल्या होत्या. मग मनात आलं, या गावांतली पोरं मोठी झाल्यावर जाणार कुणाच्या दारात? एवढंच लिहिलं मी. आपल्या घरातलं होतं ते लिहिलं. लोकांना वाटलं, भविष्य.”

“आणि अप्पा गावाच्या अब्रूसाठी…”

“कसली गावाची अब्रू! पुस्तकातला बाप कोण, ते त्याला पहिल्या पानावर कळलं.”

पाठीमागं भांडं वाजलं. महानंदा दोन कप घेऊन उभी होती. हिरवा चुडा कोपरापर्यंत, हळद अजून तशीच. किती वेळची उभी होती कोण जाणे.

“चहा,” ती म्हणाली. कप खाली ठेवले आणि गेली. चहावर साय धरली होती.

आमच्यात देवाचा गोंधळ होईपर्यंत नवरानवरी वेगळे झोपतात. ती आत्याजवळ, माजघरात झोपली. मी गच्चीवर. उद्या तिच्याशी बोलू, असं मी ठरवलं होतं. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. मी तसला नाही, मला मुलगी पाहिजे आहे, पाच झाल्या तरी पाहिजे आहेत, एकीला ओरडलं की पाची जणी रडू देत. असं सगळं जुळवून ठेवलं होतं.

उजाडताना अप्पांच्या ओरडण्यानं जागा झालो. “गेली! सांगत हुतो मी, पुस्तकातल्यावानी गेली!”

खाली आलो. माजघरात अंथरूण घडी करून ठेवलं होतं. काल पुन्हा भरून उंबऱ्याकडेला ठेवलेलं माप अजून उचललं नव्हतं. त्यात तांदळावर मंगळसूत्र, पाटल्या, कानातलं, सगळं नीट ठेवलेलं होतं. पायातली जोडवीसुद्धा.

आत्या फाटकाशी होती. कुलूप तिच्या हातात होतं.

“माझ्या पुस्तकात हे फोडलेलं असतं,” ती म्हणाली. “हणमा, हे उघडलंय. किल्लीनं उघडलंय.” तिनं कुलूप माझ्यापुढं धरलं. “हे मला सुचलंच नाही रे. मी तिला चोर केलं.”

मी चपला न घालताच फाट्याकडं धावलो.

एसटीच्या शेडमध्ये महानंदा बसली होती, आणि तिच्या शेजारी आई बसली होती. आईच्या कमरेला किल्ली होती. महानंदाच्या मांडीवर बेदाण्याचं गाठोडं होतं. आईनंच बांधून दिलेलं, आईच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात.

“महानंदा,” मी म्हणालो. मला धाप लागली होती. “मी काल सांगितलं ना. ठेवीन म्हणालो ना मी. सगळ्यांच्या देखत.”

“हाव,” ती म्हणाली. “हसून म्हणालात.”

“म्हणून काय झालं?”

“तुमच्या अप्पांनीबी हसूनच सांगितलं होतं म्हणं.”

रात्रभर जुळवून ठेवलेलं सगळं माझ्या तोंडाशी होतं. पण ते कसंही म्हटलं असतं, तरी तिला ते कालच्यासारखंच ऐकू गेलं असतं. मी आईकडं बघितलं. म्हटलं ना, आई कशावरच बोलत नसे.

“जाऊ दे तिला, हणमा,” आई म्हणाली.

“आई, तूच वर्षानुवर्षं नवस बोललीस सुनेसाठी!”

“व्हय. बोलले.”

एसटी आली. आईनं तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. महानंदा चढली. खिडकीत बसून तिनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. गाडी वळणावरून गेली तरी आई उभीच होती.

परत येताना मी पुढं, आई मागं. दारात अप्पा उभे होते.

“गेली?”

“गेली,” मी म्हणालो.

“आन सोनं? सगळं हाय का मापात?”

“सगळं आहे.”

“मग ठीक हाय,” अप्पा म्हणाले आणि कपाळावरचा घाम पुसला. “सोनं तरी राहिलं.”

मी उंबऱ्यातच थांबलो होतो. आई मागून आली. तिनं कमरेची किल्ली काढली आणि अप्पांच्या हातात ठेवली.

“तिघींतली एक तरी,” ती अप्पांना म्हणाली, “ह्या दारातनं आपल्या पायानं चालत गेली.”

अप्पा किल्लीकडं बघत राहिले. मी चौकटीत आडवा उभा होतो, आईची वाट अडवून. ध्यानात आल्यावर मी बाजूला झालो आणि आई आत गेली.